तपासणाऱ्याची सही

भिंतीतून आरपार गेल्यावर पलीकडे काळं होतं. फरशी नाही, छत नाही, नुसतं काळं. आणि त्या काळ्यात तो बोटाच्या पेराएवढा माणूस, अंगात निळा झगा, कमरेला तलवार, जागच्या जागी पाय हलवत उभा होता. तिने बाणाची कळ दाबली. त्याने एक पाऊल टाकलं. पुन्हा दाबली, पुन्हा एक. त्याला परत भिंतीत घालायला ती गेली, तर या बाजूने भिंत पक्की होती. बाहेर पडायला वाट होती, परतायला नव्हती. ती मोठ्याने हसली, आणि हसणं संपल्यावर रिकामं घर आधीपेक्षा जरा जास्तच शांत झालं. माणूस अजून पाय हलवत होता. त्याच्या डोक्यावर पांढऱ्या अक्षरांत त्याचं नाव होतं: आजोबा.

खेळ बाबांनी केला होता. आई गेल्यावर दुसऱ्या वर्षी त्यांना कुठूनसं एक फुकटचं सॉफ्टवेअर सापडलं, ज्यात तयार चौकोन मिळतात, गवताचा, फरशीचा, डांबराचा. ते शेजारी शेजारी लावत गेलं की गाव उभं राहतं. प्रत्येक चौकोनाला बजावून ठेवावं लागतं, की तुझ्यावरून माणसाने जायचं की नाही. ते बजावायचं राहिलं की भिंतीतून माणसं जातात. नवशिक्यांची ही नेहमीची चूक, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. माणसंही तयार मिळत, पण ती सगळी राजेरजवाड्यांच्या गोष्टीतली; त्यामुळे बाबांच्या गल्लीतला दुकानदार चिलखत घालून उभा होता, दातांचे डॉक्टर लांब दाढीचे जादूगार झाले होते, आणि म्हातारी बाई म्हणून एकच चित्र उपलब्ध असल्यामुळे आईच्या डोक्यावर चेटकिणीची टोकदार टोपी होती. पेनड्राइव्ह चार महिने तिच्या पर्समध्ये पडून होता. रोज संध्याकाळी सहाला ती कामावरून आली की बाबा तिच्या मुलीला, मुंगीला, तिच्या ताब्यात देत, शेजारच्या इमारतीतल्या आपल्या घरी जायला चपला घालत आणि विचारत, "खेळलीस का?" ती म्हणे, "रविवारी नक्की, बाबा." ते म्हणत, "सवडीने. घाई नाही." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा, "खेळलीस का?" त्या प्रश्नाचा तिला कंटाळा यायला लागला होता, इतका, की जिना चढतानाच उत्तर तोंडात तयार असायचं. आज सवड मिळाली ती प्रयोगशाळेतला एसी बंद पडला म्हणून. तिचं काम तापमापकं तपासण्याचं. खोली तेवीस अंशांवर राहिली नाही तर दिवसभराची सगळी मापं फुकट, म्हणून साहेबांनी साडेबाराला सगळ्यांना घरी पिटाळलं. घरी येऊन तिने चहा केला, लॅपटॉप उघडला, आणि पेनड्राइव्हमधली सगळ्यात वरची, म्हणजे सगळ्यात अलीकडची फाइल चालू केली.

काळ्यातून सुटका नव्हती, म्हणून तिने खेळ पहिल्यापासून सुरू केला. पडद्यावर वाक्य आलं: "वेळ ३:४०. मुंगीला शाळेतून घरी आणा." एवढंच काम होतं. राक्षस नाही, खजिना नाही. स्वयंपाकघराचं दार उघडलं तर पलीकडे तेच स्वयंपाकघर; म्हणून तर ती मघाशी भिंतीत शिरली होती. या वेळी ती खिडकीतून बाहेर पडली. रस्त्यात दुकानदार भेटला. त्याच्यासमोर उभं राहून कळ दाबली तर तो म्हणाला, "जेवलास का?" हे वाक्य आईचं, आई बाबांना दोघंच असताना अरे-तुरे करायची आणि दिवसातून तीनदा हेच विचारायची. डॉक्टर म्हणाले, "जेवलास का?" पोलीस म्हणाला, "जेवलास का?" कोपऱ्यावरच्या कुत्र्यानेही तेच विचारलं, आणि ती खुर्चीत वाकडी होईपर्यंत हसली. एक माणूस बनवायचा, त्याची नक्कल ठिकठिकाणी चिकटवायची आणि वाक्य बदलायला विसरायचं. हीसुद्धा नवशिक्याचीच चूक. ती चालत राहिली. चौक आला. खरा चौक तिला पाठ होता, डावीकडे औषधांचं दुकान, उजवीकडे चष्म्यांचं. इथे दोन्हीकडे औषधांचं होतं. ती एका बाजूला वळली, सरळ गेली, पुन्हा वळली, आणि समोर चौक आला, दोन्हीकडे औषधांची दुकानं. मग दुसऱ्या बाजूने. पुन्हा चौक. कोपऱ्यात घड्याळ चालू होतं. ३:२५. ३:३१. शाळा कुठेच नव्हती. ३:४० ला पडदा थांबला आणि काहीच झालं नाही. 'हरलात' नाही, 'पुन्हा खेळा' नाही. तो निळा माणूस चौकात उभा राहून पाय हलवत राहिला. तिने चहाचा घोट घेतला तर तो गार झाला होता. खेळच धड नाही, असं ती स्वतःशी म्हणाली, आणि आधीची एखादी फाइल बरी असेल म्हणून यादी खाली सरकवली.

यादीत एकवीस फाइली होत्या. क, ख, ग, घ, च, छ. ङ, ञ आणि ण गाळून पुढे न पर्यंत. बाबा तीस वर्षं नकाशे काढायच्या कामावर होते. इमारतीचा नकाशा एकदा दिला की त्यात बदल सुचवले जातात. प्रत्येक बदलाला नवं अक्षर, नवी तारीख, आणि जुना कागद फाडायचा नाही. रिव्हिजन. कचेरीत अक्षरं इंग्रजी असत, घरी मात्र मराठी. घराच्या रंगाचं ठरलं तेव्हासुद्धा भिंतीवर एक कागद होता, रिव्हिजन घ, आणि आई म्हणायची, "यांच्याशी भांडायचं तरी कसं, मागच्या भांडणाची तारीख काढून दाखवतात." लहानपणी ती त्यांच्या कलत्या फळ्याखाली बसून वरून पडणारे कागदाचे बारीक बारीक पापुद्रे गोळा करायची. शाईची रेघ चुकली तर बाबा दाढीच्या पात्याने ती खरवडून काढत, श्वास रोखून, आणि खरवडलेल्या जागी नखाची पाठ घासत, पुन्हा शाई फुटू नये म्हणून. "जिन्याला अंदाज चालत नाही, ठमे," ते म्हणत. "बाकी सगळं एक वेळ चालेल. एक पायरी अर्ध्या इंचाने चुकली तर माणसाचा पाय ती बरोबर शोधून काढतो." त्यांच्या इमारतीच्या जिन्याला मजल्याला अठरा पायऱ्या होत्या, हे तिला आकडे यायच्या आधी यायला लागलं होतं. आता अक्षरांच्या ओळीच्या शेवटी न नंतर प होतं, फ होतं, मग पुन्हा प; आणि एकाच नावाच्या दोन फाइली ठेवायला नाकारून कॉम्प्युटरने आपणहून त्याच्यापुढे २ लावला होता. एकविसाव्या फाइलीला अक्षरच नव्हतं. हीच तिने मघाशी उघडली होती. ती त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. बाबा अक्षर विसरतील, हे पेन्सिल दात घासायला घेतील इतकंच अशक्य होतं.

तिने क उघडली. दार उघडलं तर बाहेर जिना होता, दोन टप्प्यांत, आणि तिने बोटाने मोजल्या, अठरा पायऱ्या. भिंती पक्क्या होत्या. कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण. दुकानदार म्हणाला, "काय काका, सुट्टे द्या बरं आज तरी." डॉक्टर म्हणाले, "आ करा." शेजारीण राजकन्येच्या वेषात म्हणाली, "पाणी आलं का हो तुमच्याकडे?" कुत्रा भुंकला. टोपीवाली आई ओट्याशी उभी होती, तीच फक्त म्हणाली, "जेवलास का?" सहा वळणं, मग चौकात डावीकडे औषधं, उजवीकडे चष्मे, पुढे सरळ शाळा, ३:३६ ला फाटकाशी दोन वेण्या घातलेली एक एवढीशी मुलगी, आणि मग दोघं घरी. खेळ साधा होता, पण काय नेटका. तिचा हात माऊसवरून हळूच मागे आला. शिकणाऱ्या माणसाचा पहिला प्रयत्न वाईट असतो आणि एकविसावा बरा. इथे ते उलटं होतं.

मग तिने जे केलं ते तिच्या हाताला सवयीचं होतं म्हणून केलं. विजेच्या बिलाच्या पाठीवर चार रकाने आखले: पायऱ्या, बरोबर उघडणारी दारं, स्वतःचं वाक्य असलेली माणसं, शाळेपर्यंतची वळणं. एकेक फाइल उघडून मोजायला बसली. चूक दोन जातींची असते, हे ती नव्या लोकांना पहिल्याच दिवशी शिकवायची. हात थरथरला, नजर हलली, तर चुका खऱ्या आकड्याच्या अवतीभवती विखुरतात, कधी वर कधी खाली, आणि सरावाने कमी होतात. दुसरी जात वाईट. तापमापक म्हातारं व्हायला लागलं की त्याचं शून्य सरकतं. रोज एवढंसं, नेहमी एकाच बाजूला, आणि रोज त्याच्याकडे बघणाऱ्याला ते कळत नाही. म्हणून तर ती ते बर्फाच्या पाण्यात बुडवायची. बर्फ खोटं बोलत नाही. स्वतःचं वाक्य असलेली माणसं: क मध्ये चौदा. च मध्ये चौदा. ज मध्ये चौदा. ठ मध्ये तेरा. दुकानदार गप्प झाला होता, नुसताच चिलखतात उभा. त मध्ये अकरा. न मध्ये सहा. प मध्ये तीन. ज्यांची वाक्यं गेली होती ते आधी काही फाइलींमध्ये मुके होते, आणि मग एकेक करून आईचं वाक्य बोलायला लागले होते. विसरून चिकटवलेलं नव्हतं ते. जिथे जिथे काही आठवलं नाही तिथे तिथे बाबांनी जे आठवत होतं ते ठेवलं होतं. तिने ठिपके दिले आणि ठिपक्यांतून रेघ काढली. रेघ बिलाच्या कडेकडे खाली खाली उतरत गेली. मोजलं नाही तिथे रेघ वाढवायची नाही हा तिच्या धंद्यातला पहिला नियम. पेन्सिल मात्र कागदाच्या कडेपाशी टेकून राहिली होती, आणि ती तिने उचलली तेव्हा तिथे बारीकसा खळगा पडला होता.

दोन वाजून दहा मिनिटांनी तिने धाकट्या भावाला फोन लावला. तो दुसऱ्या शहरात असतो आणि फोन उचलताना नेहमी जेवत असतो.

"बोल ताई. दुपारची? नोकरी गेली का?"

"बाबांनी तुला गेम दिला होता?"

"आईला टोपी घातलेला? हो! मी दहा मिनिटं खेळलो. मग भिंतीत अडकलो. भयंकर बंडल आहे, पण त्यांना सांगू नकोस."

"तो पहिल्यांदा बंडल नव्हता."

"म्हणजे?"

तिने सांगितलं. रकाने, पायऱ्या, वाक्यं. तिकडे चावण्याचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

"ताई, तू ना, माणसाला ताप आला तरी आधी थर्मामीटरवर संशय घेशील. कंटाळले असतील गं. त्या वयात एवढं केलं हेच खूप."

"शेवटच्या फाइलीला अक्षर नाही."

"मग?"

"मग काय मग? बाबांनी अक्षर नाही घातलं."

"मागच्या आठवड्यात माझ्याशी छान बोलले," तो म्हणाला. "एकदम छान. जेवलास का, विचारलं." आणि मग त्यालाच आपलं बोलणं ऐकू आल्यासारखा तो थांबला. "ताई, मुंगीला कोण आणतं शाळेतून?"

हे वाक्य तिने इतका वेळ तोंडाशी येऊ दिलं नव्हतं. सकाळी नवरा मुंगीला गाडीवरून सोडतो. दुपारी बाबा तिला चालत आणतात. घरी आल्यावर मुंगी स्वतः फोन करते, "आई, आलो," आणि तो फोन चार वाजून पाच मिनिटांनी येतो, फार तर सात. चार महिन्यांत कधीही सव्वाचार झाले नव्हते. हाही आकडाच होता. पायऱ्या चुकोत, अक्षरं जावोत, पण रोज एक माणूस सहा वर्षांच्या मुलीला घेऊन ठरलेल्या मिनिटाला दारात उभा राहतो, तर त्याचं शून्य ढळलं असं कसं म्हणायचं? या आकड्याला ती बुडणाऱ्याने ओंडका धरावा तशी धरून बसली. खिडकीतून रस्ता दिसत होता. मालाचे ट्रक त्या चौकातून दुपारी जात, कारण सकाळी त्यांना बंदी असे. आज तीन चाळीसला जो माणूस मुंगीचं बोट धरून तो चौक ओलांडणार होता, तो कुठल्या रिव्हिजनमधला होता? तिने बाबांना फोन लावला.

"बाबा, कुठे आहात?"

"घरी. कुठे असणार? निघतोच आता." मागे पुष्कळ पोरं एका सुरात पाढे म्हणत होती. टीव्ही असेल.

"मी गेम खेळतेय."

फोनमध्ये पाढे ऐकू येत राहिले. सातापर्यंत आले होते.

"कुठला उघडलास?"

"शेवटचा."

"तो नको गं. तो कच्चा आहे. आधीचा घे."

"आधीचा कुठला?"

"तो..." ते थांबले. "ज्यात आई बोलते तो."

"बाबा, सगळ्यांत आई बोलते."

"हो का," बाबा म्हणाले, हळू, एखादी बातमी ऐकल्यासारखे. मग त्यांचा आवाज एकदम कामाचा झाला. "ठेवतो. मुंगीची वेळ होईल."

फोन ठेवल्यावर ती पुन्हा फाइलींकडे वळली, कारण खुर्चीतून उठायचं म्हणजे काहीतरी ठरवायचं. प्रत्येक खेळाच्या पहिल्या पडद्यावर, खाली उजव्या कोपऱ्यात, एक छोटी चौकट होती. तिने ती आतापर्यंत नुसती शोभेची धरली होती. आता पडदा मोठा करून वाचली. नकाशावर असते तशी चौकट: बदल काय केला, काढले कोणी, तपासले कोणी. ख: उत्तर दिशेचा बाण ठळक केला. ज: कुत्र्याला दोनदा भुंकायला लावले. ठ: दुकानदाराचे वाक्य आठवेना, नंतर घालणे. त: दुकानदाराचे वाक्य राहिले आहे. द: चौक प्रत्यक्ष जाऊन पाहणे. न: चौक पाहिला, पण घरी येईपर्यंत, आणि पुढे काहीच नाही. फ: जिना तपासला, बरोबर आहे. फ मध्ये जिन्याला अकरा पायऱ्या होत्या. शेवटच्या फाइलीत बदलाच्या रकान्यात एक शब्द होता: घर. आणि मग तिला तिसरा रकाना दिसला. काढले या शब्दापुढे सगळीकडे बाबांची सही होती. तपासले या शब्दापुढे क पासून झ पर्यंत नुसती रेघ होती. ट पासून रेघेवर लिहिलं होतं: ठमी. ट, ठ, ड, ढ. त्या शेवटच्या बिनअक्षरी फाइलीतसुद्धा, ठमी, आणि पुढे तारखेची रिकामी जागा.

बाबांच्या कचेरीत एक नियम होता आणि तो त्यांनी घरातही चालवला: आपलं काम आपण तपासायचं नाही. आपली चूक आपल्याला दिसत नाही, कारण ज्या डोळ्याने ती केली त्याच डोळ्याने आपण ती बघतो. तिच्या शाळेच्या गणिताच्या वह्या धाकटा तपासायचा, धाकट्याच्या ती. तपासणारा सही करतो तेव्हाच कागद बाहेर जातो. ते रोज संध्याकाळी चपला घालता घालता विचारत होते, खेळलीस का. म्हणजे तपासलंस का. त्यांना काहीतरी सरकल्याचं जाणवलं होतं, पण कुठे आणि किती ते त्यांना स्वतःला मोजता येणार नव्हतं. म्हणून त्यांनी मापं मोजणाऱ्या लेकीच्या हातात मोजण्याजोगी वस्तू दिली, आणि लेक म्हणाली, रविवारी. चार महिन्यांत सोळा-सतरा रविवार येतात. ती उठली. पायांत आलेल्या मुंग्या जाईपर्यंतसुद्धा न थांबता तिने कुलूप लावलं, आणि जिना उतरताना पायऱ्या मोजायच्या नाहीत असं ठरवूनही मोजत राहिली.

शाळेपाशी ती पोचली तेव्हा साडेतीन व्हायचे होते. रस्त्यात बाबा कुठे दिसले नव्हते, आणि तिने येताना प्रत्येक निळा शर्ट, प्रत्येक पांढरं डोकं बघितलं होतं. फाटकावरचा रखवालदार तिला ओळखत नव्हता. तिने मुंगीचं नाव सांगितलं तसा त्याचा चेहरा उजळला.

"आजोबांची लेक होय! ते काय, बसलेत. बोलवू?"

"कधी आले?"

"आज? रोजच्यासारखे. सकाळी आठला."

"आठला?"

"पोरांच्या घोळक्यामागून येतात ना. मी म्हटलं, आजोबा, साडेतीनपर्यंत काय करता, घरी जाऊन या की. तर म्हणतात, गेलो तर परत यायला नको? डबा असतो बरोबर. कधी माझ्याशी गप्पा मारतात, कधी आपले कागदावर रेघा मारत बसतात. त्रास नाही हो काही. पोरांना आवडतात."

भिंतीलगतच्या बाकावर बाबा बसले होते. वर्गातून पाढे ऐकू येत होते, अकराच्या पुढचे. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर डबा, पाय एकाला एक जोडलेले. तिला बघून ते उठले आणि त्यांच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला, मग कसलासा हिशेब, मग तोही गेला.

"ठमे, तू? लॅबला सुट्टी?"

"एसी बंद पडला."

"मग मापं बोंबलली असतील सगळी."

"हो."

ती शेजारी बसली. डब्याच्या झाकणावर त्यांनी पेन्सिलीने एक चौकोन काढला होता, त्याला दार होतं.

"तपासलंस?"

"तपासलं."

"किती चुका?"

"मोजल्या नाहीत."

"खोटं. तू मोजल्याशिवाय राहायची नाहीस." ते हसले. मग झाकणावरच्या चौकोनावरून अंगठा फिरवत म्हणाले, "मला आधी वाटलं, सॉफ्टवेअरच तसं असेल. फुकटचं आहे ना." अंगठा पुन्हा फिरला. दार पुसट झालं. "भिंती मला दिसतात, ठमे. तसं नाही की दिसत नाहीत. फक्त कुठलं दार कुठे उघडतं ते, म्हणजे, त्या वेळेपुरतं." ती काही बोलायला गेली आणि तेवढ्यात घंटा झाली. सगळं फाटक पोरांनी भरून गेलं. त्या गर्दीत बाबा ताठ उभे राहिले, मान उंचावून, आणि ती त्यांच्याकडेच बघत राहिली, की समोर आलेल्या मुलींतली आपली कुठली हे त्यांना कळेल ना. पण मुंगीनेच येऊन त्यांचं बोट धरलं.

"आई पण! आज आई पण!"

ती तिघं निघाली, मुंगी मध्ये. चौकापर्यंत रस्ता सरळच होता. दिवा लाल होता, समोरून ट्रक जात होते, जमीन तळव्यांखाली हलत होती. मुंगीने दोघांचे हात हलवले.

"आजोबा, आज तुम्ही सांगा."

"मी?"

"आज तुमची परीक्षा. आईसमोर." ती आईकडे वळली. "आई, आजोबा रोज विचारतात, आता कुठे वळायचं, सांग बघू. आणि मी सांगते. रोज माझे सातपैकी सात येतात. एकदापण चुकले नाही मी. काल पाऊस होता तरी नाही चुकले."

चार वाजून पाच मिनिटं. फार तर सात. तिने चार महिने ज्या आकड्यावर विश्वास ठेवला होता तो बाबांचा नव्हताच. सहा वर्षांची मुलगी एका माणसाला हाताला धरून ट्रकांच्या मधून घरी आणत होती आणि तिला वाटत होतं आपली परीक्षा चालली आहे. रखवालदार, आपण, नवरा, धाकटा, सगळे बघत होते. आणि कुणीही काही बघितलं नव्हतं.

"सांगा ना, आजोबा. डावीकडे का उजवीकडे?"

बाबांनी डावीकडे बघितलं. मग उजवीकडे. औषधांचं दुकान, चष्म्यांचं दुकान. फळ्यावर वाकून चुकलेली रेघ शोधताना व्हायचा तसा त्यांचा चेहरा झाला, श्वास रोखलेला, ओठ किंचित पुढे आलेले. तिच्या तोंडाशी शब्द आला होता. उच्चारला असता तर मुंगीला कळलं असतं की रोज खरी परीक्षा कुणाची चालते ती. तिने तो ओठांतच धरला. दिवा हिरवा झाला. मागून कुणीतरी म्हणालं, "चला हो काका, हिरवा झाला." लोक दोन्ही बाजूंनी त्यांना वळसा घालून पुढे गेले.

"डावीकडे," बाबा म्हणाले.

डावीकडेच होतं. मुंगीने टाळी वाजवली, "बरोबर! एक मार्क!" आणि बाबा हसले, तीही हसली. दोनच रस्ते असतील तर डोळे मिटून सांगणाराही निम्म्या वेळा बरोबर येतो, एका मापावर कुणी काही ठरवत नाही, हे तिला माहीत होतं, आणि बाबांनाही माहीत असणार, कारण तिला ते त्यांनीच शिकवलं होतं. रस्ता ओलांडताना त्यांनी मुंगीच्या डोक्यावरून पलीकडे हात आणून लेकीचं मनगट धरलं. लेकीला सांभाळायला धरतात तसं नव्हे. त्यांचा तळवा ओला होता आणि बोटं एकामागून एक आवळत गेली, अंधारात कठडा हाताला लागल्यावर आवळतात तशी.

"अजून किती आहेत गं?" त्यांनी मुंगीला विचारलं.

"सहा," मुंगी म्हणाली.